परका वास

शलाकाची वॉर्डात ड्यूटी असते आठ ते चार.
"आई, एकटी लांब जाऊ नकोस," म्हणून ती जाते
आणि मी लांब जाते.

आधी लिफ्ट.
त्बिलिसीतल्या या इमारतीत लिफ्टला दानपेटीसारखी फट आहे.
वीस तेत्रीचं नाणं टाकल्याशिवाय ती सातव्यावर चढत नाही.
उतरायला फुकट.
एकतीस वर्षं जिल्हा बँकेच्या काउंटरवर काढली मी,
चढण्याचे पैसे आणि उतरणं मोफत
इतका रोखठोक हिशेब कुठल्या खतावणीत नव्हता.

स्टेशनमागच्या बाजाराकडे जाताना
कुंपणावर गालिचे वाळत घातलेले,
जुन्या गाडीच्या डिकीत कलिंगडं,
आणि दुसऱ्या मजल्यावरची एक बाई खालच्या माणसाशी भांडतेय.
शब्द कळत नाहीत, मुद्दे सगळे कळतात.
उभी राहून पुरं ऐकलं. बाईचं बरोबर होतं.

भट्टीवाला रांजणात कमरेपर्यंत शिरला,
दोन्ही पाय हवेत.
मी "अहो!" करून ओरडले.
वर आला तेव्हा हातात होडीएवढा पाव,
आणि चेहऱ्यावर माझ्यासारख्या बायकांची जुनी सवय.

इथे मामा म्हणजे बाप, देदा म्हणजे आई.
हे शलाकानं विमानतळावरच बजावलं होतं.
तरी चीजवाल्याला "ओ मामा" केलंच मी.
तो गालात हसला, एक खारट तुकडा चाखायला दिला,
मग दुसरा,
मग भावात एक पैसा सोडला नाही. बापच तो.

मेणबत्त्या समजून ज्यांचा भाव विचारला
त्या द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा निघाल्या.
हसणाऱ्यांत मीही हसले.

मग मसाल्यांची नाझिब्रोला.
पितळी दात, बाह्या कोपरापर्यंत, समोर ढिगारेच ढिगारे.
एका हिरवट-पिवळ्या ढिगाशी मी वाकले
आणि डोळे आपोआप मिटले.
"मेथी!"
"उत्स्खो," ती म्हणाली.
"अहो, मेथी."
"उत्स्खो, उत्स्खो!"
नळावर हंडा पुढे सरकवावा तसे आम्ही आपापले शब्द पुढे सरकवत राहिलो.
शेजारी अंडी विकणाऱ्या ग्वांत्सानं मोबाइलवर काहीतरी टिपलं
आणि पडदा माझ्यापुढे धरला:
परकी.

खरंच आहे की. परकीच.
पण तोंडावर म्हणायचं?
स्वतःच्या सलवारीकडे पाहिलं, तिच्याखालच्या धावायच्या बुटांकडे,
सुटे पैसे मुठीत आवळले आणि वळले.

"देदा! देदा!"
मागून धावत आली, पुडी उंच धरून,
माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी बाई
मला आई म्हणत.
आपण नाही का कावून लेकीला म्हणत,
अगं माझे आई, ऐक तरी.

तिच्यामागे धापा टाकत ग्वांत्सा,
तुटक्या इंग्रजीत, अर्धं हातवाऱ्यांनी:
तुम्ही नाही हो, तुम्ही नाही.
ही. हिचं नावच परकी.
कधी आली, कुणी आणली, कुणास ठाऊक.
राजम्याच्या आमटीत हीच, अक्रोडाच्या रश्शात हीच,
हिच्यावाचून आमच्याकडे चूल पेटत नाही.
नाव मात्र कुणी बदललं नाही.

नाझिब्रोलानं मूठभर वर घातली. पैसे पूर्ण घेतले.

इमारतीत शिरले तर नाण्यांच्या पाकिटात एकही वीस तेत्री नाही.
जिना चढले.
दुसऱ्यावर मासळी, तिसऱ्यावर कोणाचं तरी औषध,
चौथ्यावर नवा रंग.
पाचव्यावर कुणीतरी फोडणीसारखं काही करत होतं,
दार किलकिलं, आत रेडिओ.
मी कठड्याला टेकले,
दम घ्यायचं निमित्त होतंच.